प्रिलिमवरून बोर्डाचे गुण सांगता येतात का? (दहावी, गणित)

वर्गशिक्षिका | शनिवार, संध्याकाळ

नमस्कार. तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवते. प्रिलिमचे पेपर वाटून झाले की पालकसभा होते आणि दरवर्षी एकच प्रश्न येतो, "बाई, बोर्डात किती पडतील?"

आज एका मुलीचे वडील आले होते. रसवंती चालवतात, ती बंद ठेवून आले होते. विचारलं त्यांनी, पण मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळत. मी आकडा सांगितला नाही. "सोमवारी या, नीट बघून सांगते" म्हणाले.

न सांगण्याचं कारण लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका मुलाच्या आईला मी ठामपणे सांगितलं होतं, "निघेल तो, काळजी करू नका." प्रिलिमला बीजगणितात १२, भूमितीत ९, म्हणजे ८० पैकी २१. अंतर्गतचे १७ धरले तर ३८. पस्तीसच्या वर. बोर्डात त्याला लेखीचे ७ मिळाले. जुलैच्या पुरवणीत तो सुटला, पण निकालाच्या दिवशी त्याची आई शाळेत आली तेव्हा मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते मला आजही आठवतं.

तेव्हापासून मी वही ठेवते. नववीचा वार्षिक निकाल, दहावीची पहिली सत्र परीक्षा, प्रिलिम, अंतर्गत २० आणि शेवटी बोर्डाचे गुण. जुन्या गुणपत्रकांवरून २०१९ पर्यंत मागे भरत गेले. २०२१ वगळलं, त्या वर्षी बोर्डाचा पेपरच झाला नाही. आता एक्सेलमध्ये घातलंय. यातून पुढचा अंदाज कसा काढायचा? कोणत्या परीक्षेला किती वजन द्यायचं? आणि काढला तरी पालकांना काय सांगायचं?

आकडेमोड | शनिवार, रात्र

बाई, आधी एक विचारतो. बोर्डाच्या रकान्यात १०० पैकी गुण लिहिलेत की ८० पैकी?

वर्गशिक्षिका | शनिवार, रात्र

१०० पैकी. गुणपत्रकावर एकूण असतात तेच उतरवले.

आकडेमोड | शनिवार, रात्र

मग आधी ते वेगळं करा. १०० मधले २० तुम्हीच दिलेले आहेत. ते रकान्यात ठेवून अंदाज काढला तर उत्तराचा एक तुकडा आधीच हातात असतो आणि अंदाज आहे त्यापेक्षा जास्त बरोबर वाटतो. शिवाय बहुतेक शाळांत हे २० सगळ्यांना १७ ते २० च्या दरम्यानच पडतात. ज्या आकड्यात मुलामुलांत फरकच दिसत नाही, त्यावरून मुलामुलांतला फरक सांगता येणार नाही. फक्त लेखी ८० चा अंदाज काढा आणि अंतर्गतचे शेवटी मिळवा.

दुसरं, नेहमी होणारी चूक. लोक बघतात की मागच्या वर्षी बोर्डात प्रिलिमपेक्षा सरासरी ८ गुण जास्त पडले, आणि सगळ्यांना ८ मिळवतात. तसं होत नाही. समजण्यासाठी कल्पित आकडे घेतो. समजा वर्गाची प्रिलिमची सरासरी ४४ आणि बोर्डाची ५२. एक्सेलमध्ये आलेख काढून रेघ बसवली तर उतार येईल समजा ०.८, म्हणजे प्रिलिमला एक गुण जास्त तर बोर्डात ०.८ जास्त. मग प्रिलिमला ६४ असणारा सरासरीच्या २० वर, २० गुणिले ०.८ म्हणजे १६, म्हणून त्याचा अंदाज ५२ अधिक १६, म्हणजे ६८. सरसकट ८ मिळवले असते तर ७२ आले असते. आणि २४ वाल्याचा अंदाज ५२ वजा १६, म्हणजे ३६. सरसकट धरलं तर ३२. वरची मुलं थोडी खाली येतात, खालची थोडी वर येतात. कारण एका परीक्षेतल्या फार चांगल्या किंवा फार वाईट गुणांत त्या दिवसाचाही वाटा असतो. झोप, ताप, नेमकं न केलेलं प्रकरण आलं किंवा केलेलंच आलं. तो दिवस जसाच्या तसा परत येत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एक अख्खं वर्ष झाकून ठेवा. उरलेल्या वर्षांवरून रेघ बसवा, झाकलेल्या वर्षाच्या मुलांचे अंदाज काढा आणि खऱ्या गुणांशी ताडून पाहा. प्रत्येक मुलामागे किती गुण चुकले, त्याची सरासरी काढा. ती ७ आली तर ३६ चा अर्थ साधारण २९ ते ४३. सांगायचा तर हा पट्टा सांगा. आणि पट्टाही हमी नसतो, काही मुलं त्याच्याही बाहेर जातात.

निवृत्त_मुख्याध्यापक | रविवार, सकाळ

वरची आकडेमोड मान्य आहे, पण वर्षं एकत्र करताना जपा. २०२२ ला अभ्यासक्रम २५ टक्के कमी होता, मुलांनी आपल्याच शाळेत बसून पेपर दिला, ४० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं जादा होती. ते वर्ष २०१९ किंवा २०२३ च्या ओळीत बसवता येणार नाही.

२०१९ चंही तसंच. त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडीचे वीस गुण काढले होते आणि नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी आला. राज्याचा निकाल ८९.४१ वरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती आणि दुसऱ्या वर्षात हुशारही झाली नव्हती. मोजायची फूटपट्टी बदलली होती. गणिताचे वीस २०१९ लाही कायम होते, त्यामुळे तुमच्या रकान्यांची बेरीज बिघडणार नाही. पण नवा अभ्यासक्रम गणितालाही होता, त्या बॅचला सरावाला जुन्या प्रश्नपत्रिका नव्हत्या. ते लक्षात ठेवा.

आणखी एक. प्रिलिमचा पेपर कोण काढतं? आमच्याकडे काही वर्षं तालुक्याच्या संघाचा पेपर यायचा, काही वर्षं शाळेचाच. शाळेचा पेपर असला की शिक्षक मुद्दाम कडक तपासतात, "आता घाबरली तर अभ्यास करतील" म्हणून. मीही तसं केलंय. स्टेपचे गुण कापायचे, आकृतीला नाव नसेल तर अर्धा गुण नाही. बोर्डाचा परीक्षक नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे स्टेपला गुण देतो. म्हणून प्रिलिमचा २१ हा दरवर्षी तोच २१ नसतो. वहीत एक रकाना वाढवा: पेपर कुणाचा, तपासला कुणी.

बॅच२०२१ | रविवार, दुपार

बाईंनी २०२१ वगळलं हे वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी त्या वर्षीचा.

आमचं अख्खं गुणपत्रक अंदाजच होता. नववीच्या निकालाचे ५०, दहावीत शाळेने घेतलेल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि अंतर्गतचे २०. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. पेढे वाटले गेले, पण माझ्या घरी कुणाला काय बोलावं कळेना.

नववीत मी अभ्यास केला नव्हता. आजोबा आजारी होते, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, आणि घरी सगळे म्हणायचे नववी काय, दहावी महत्त्वाची. दहावीत मी खरंच बसलो. फोनवरच्या तासांना रेंज यायची नाही म्हणून गच्चीच्या पायऱ्यांवर बसून लिहून घ्यायचो. त्या वर्षाला ३० आणि नववीला ५०.

मग अकरावी प्रवेशासाठी सीईटी जाहीर झाली. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येकी २५, तारीख २१ ऑगस्ट. मला वाटलं, आता एक खरा पेपर मिळेल. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. साथीच्या काळात मुलांना परीक्षेला बसवणं धोक्याचं होतं, ते कारण तेव्हाही पटलं होतं. सूत्र एका रात्रीत बरं काढता आलं नसतं, हेही कळतं. पण माझ्या हातात आहे तो माझा निकाल नाही, माझ्या नववीवरून कुणीतरी बांधलेला माझा अंदाज आहे.

बाई, त्या मुलीला आकडा सांगाल तेव्हा हेही सांगा की पेपर अजून व्हायचाय. तुमच्या मुलांना तो मिळणार आहे.

डोंबिवलीकर_आई | रविवार, दुपार

बॅच२०२१, तुमचं वाचून पोटात कालवलं.

माझी मुलगी २०२० ची. तिचे बाकीचे पेपर झाले आणि २३ मार्चचा भूगोल राहिला. आधी पुढे ढकलला, मग रद्द. भूगोलाचे गुण बाकीच्या लेखी पेपरांच्या सरासरीवरून दिले. भूगोल म्हणजे तिचा हातखंडा. ब्राझीलचा नकाशा पुस्तक न बघता काढायची, ॲमेझॉनचं खोरं, किनाऱ्यालगतची शहरं सगळं भरून. भाषेत आणि गणितात ती साधारण. सरासरीने तिचा भूगोलही साधारण करून टाकला. तिच्या मैत्रिणीचं उलट झालं, तिला भूगोल नकोसा होता आणि गणितामुळे चांगले मिळाले.

त्या दिवसांत मंडळाला दुसरा मार्ग नव्हता, माझी तक्रार नाही. पण एका विषयाचे गुण दुसऱ्यावरून काढले की मुलाचं त्या विषयातलं वेगळेपण नेमकं पुसलं जातं. म्हणून बाई, गणिताचा अंदाज विज्ञान किंवा इंग्रजीच्या गुणांवरून काढायला जाऊ नका, एवढंच सुचवते.

लेस्टरकर | रविवार, रात्र

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून त्याच वर्षी मोठं रान पेटलं होतं. २०२० च्या ए लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या) परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला अंदाजे श्रेणी दिली आणि प्रत्येक विषयात मुलांचा क्रम लावला. परीक्षा नियामकाने मग त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल घेऊन श्रेणी बसवल्या. १३ ऑगस्टला निकाल आला आणि शिक्षकांनी दिलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. ज्या शाळेतून आधी कुणाला वरची श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या हुशार मुलालाही ती मिळणं अवघड झालं. पाच किंवा कमी मुलांच्या वर्गाला मात्र शिक्षकांचीच श्रेणी मिळाली, आणि असे छोटे वर्ग खाजगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांची श्रेणी वर असेल तिथे तीच धरली.

आमच्या शेजारच्या घरातला मुलगा त्या बॅचचा होता. ते चार दिवस त्या घरातून आवाज येत नव्हता.

इथे एरवीही विद्यापीठाचे अर्ज शिक्षकांच्या अंदाजावरच जातात आणि बहुतेक वेळा अंदाज प्रत्यक्षापेक्षा चढा निघतो. शिक्षकाला आपल्या मुलाचं भलं हवं असतं, त्याचा हात वर जातो. बाईंनी त्या आईला "निघेल" सांगितलं त्यामागे हेच असावं. अपराधी वाटून घेऊ नका.

आकडेमोड | रविवार, रात्र

शाळेचा इतिहास मुलाच्या डोक्यावर बसवायचा नाही, हे लेस्टरकरांच्या प्रतिसादातून घ्यावं. बाई, "आपल्या शाळेत इतके टक्के लागतात" हा आकडा एका मुलाच्या अंदाजात अजिबात घालू नका.

आता एका जुन्या माहितीसंचाबद्दल सांगतो, कारण तुमच्या वहीशी त्याचं नातं आहे. पोर्तुगालमधल्या दोन माध्यमिक शाळांच्या २००५-०६ च्या नोंदी २००८ साली एका अभ्यासासोबत प्रसिद्ध झाल्या. गणिताची ३९५ मुलं, पोर्तुगीज भाषेची ६४९. गुण ० ते २०. पहिल्या सत्राचे, दुसऱ्या सत्राचे आणि अंतिम. शिवाय आईवडिलांचं शिक्षण, घर ते शाळा किती वेळ, गैरहजेरी असे तीसेक रकाने. आकड्यांवरून अंदाज काढायला शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी यावर हात बसवतो. मीही बसवला. दुसऱ्या सत्राचे गुण हातात असले की बाकीच्या रकान्यांनी अंदाज फार थोडा सुधारतो. आईवडील काय शिकलेत यापेक्षा मुलाने मागच्या परीक्षेत काय लिहिलं, हेच जास्त बोलतं.

पण गणितात ३८ मुलांचे अंतिम गुण शून्य आहेत. त्यातल्या काहींचे पहिल्या सत्रातले गुण बरे आहेत. आणि या सगळ्यांच्या गैरहजेरीच्या रकान्यातही शून्य! शून्य गुण आणि एकही दिवस गैरहजर नाही, याचा मी लावलेला अर्थ असा की ही मुलं वर्षाच्या मध्येच विषय सोडून गेली असावीत आणि रकाने रिकामे ठेवण्याऐवजी शून्य भरलं गेलं. त्या शून्यांनी सगळी रेघ खाली ओढली जाते. तुमच्या वहीतली शून्यं एकदा तपासा.

वर्गशिक्षिका | सोमवार, पहाटे

तपासली. झोप आली नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

प्रिलिमच्या रकान्यात नऊ शून्यं निघाली. त्यातली सात मुलं पेपरलाच नव्हती. जुन्या वह्यांत लाल पेनाने "गै" लिहिलंय, एक्सेलमध्ये भरताना मी त्याचं ० केलं. दोघी बहिणी ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेल्या होत्या, फेब्रुवारीत परत आल्या आणि बोर्डाला बसल्या, दोघी चांगल्या पास झाल्या. माझ्या तक्त्यात त्यांचं प्रिलिम ० आणि बोर्ड ५० च्या वर. रेघ वाकडी यायची ती यामुळे. ती सात नावं बाजूला काढली. २०१९ आणि २०२२ वेगळी ठेवली. ८० पैकी करून घेतलं. मग एकेक वर्ष झाकून बघितलं. चूक सरासरी सहा-सात गुणांच्या आसपास येते. नववीचा निकाल घातला काय, न घातला काय, फार फरक नाही. पहिल्या सत्राने थोडा पडतो.

पण मला त्या मुलाचं उत्तर हवं होतं. रेघ त्याला ३० च्या आसपास दाखवते. मिळाले ७. म्हणजे आकडेमोड करूनसुद्धा मी त्याच्या आईला तेच सांगितलं असतं.

म्हणून कपाटातून त्याच्या प्रिलिमच्या उत्तरपत्रिका काढल्या. काही मुलांच्या मी जपून ठेवते. ४० गुणांच्या पेपरात पहिला प्रश्न ८ चा, बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे. दुसरा १२ चा, कृती (रिकाम्या चौकटी भरून उदाहरण पूर्ण करायचं) आणि दोन-दोन गुणांचे. तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३. या मुलाचे बीजगणितातले १२ च्या १२ पहिल्या दोन प्रश्नांतले. भूमितीतले ९ सुद्धा तिथलेच. तिसऱ्या प्रश्नापासून पुढे पान कोरं, फक्त प्रश्न क्रमांक घालून खाली रेघ मारलेली. आणि दुसऱ्या प्रश्नातल्या ज्या कृती त्याने बरोबर भरल्या, त्या मी डिसेंबरमध्ये सरावाला दिलेल्या झेरॉक्समधल्याच होत्या. प्रिलिमचा पेपर मीच काढला होता. त्याने चौकटी पाठ केल्या होत्या. बोर्डात चौकटी दुसऱ्या आल्या.

त्याच वर्षीच्या आणखी एका मुलीची उत्तरपत्रिका शेजारी ठेवली. तिलाही दोन्ही मिळून २१. तिने तिसऱ्या प्रश्नात प्रमेयाची आकृती काढलीय, पक्ष-साध्य लिहिलंय, सिद्धता अर्धी. वर्गसमीकरण सूत्राने सोडवायला घेतलंय, चिन्हाची चूक झाली. पहिल्या प्रश्नात घाईने चार पर्याय चुकलेत. तिला बोर्डात ४४ पडले. वहीत दोघांपुढे तोच २१. मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले होते आणि कधी थांबून बघितलं नव्हतं.

निवृत्त_मुख्याध्यापक | सोमवार, सकाळ

बाई, छत्तीस वर्षं मी एकूण गुणांचीच पत्रकं भरून घेतली शिक्षकांकडून. प्रश्नवार कधी मागितली नाहीत. मागायला हवी होती.

आकडेमोड | सोमवार, सकाळ

तक्त्यात प्रिलिमच्या एका रकान्याचे दोन करा: प्रश्न १ आणि २ चे गुण, प्रश्न ३ ते ५ चे गुण. यंदापासून सगळ्यांचे असे ठेवलेत तर दोन-तीन बॅचनंतर कळेल, कोणता भाग जास्त सांगतो. आत्ता दोन उत्तरपत्रिकांवरून नियम बांधू नका. पण त्या मुलीसाठी तेवढं थांबायचीही गरज नाही.

विज्ञानसर | सोमवार, दुपार

विज्ञान १ आणि २ ला हे लागू होईल का? आमच्याकडे व्याख्या आणि शास्त्रीय कारणं पाठ करून मुलं बरेच गुण नेतात, तिथे पाठांतर बोर्डातही चालतं. गणितातली उदाहरणं बदलतात म्हणून तिथे उघडं पडत असेल.

वर्गशिक्षिका | सोमवार, रात्र

विज्ञानसर, तुमचं बरोबर असावं. मी फक्त गणिताचं सांगू शकते. तुम्ही संख्यात्मक उदाहरणांचे गुण वेगळे ठेवून बघा, आरशाचे-भिंगाचे, विद्युतधारेचे.

दुपारी ते वडील आले. मुलीला प्रिलिमला ८० पैकी ३३. मी त्यांना म्हणाले, "लेखीत पस्तीस ते पन्नासच्या मध्ये कुठेही पडू शकतात, त्याच्या खालीवरही जाऊ शकतात, मी आकडा बांधून देत नाही." मग त्यांना सोडून तिच्याशी बोलले. तिच्या दोन्ही उत्तरपत्रिका टेबलावर उघडल्या. बीजगणितात ती पाचव्या प्रश्नापर्यंत पोचते. भूमितीत वर्तुळाचं प्रकरण आलं की पान कोरं. स्पर्शिका-छेदिका एकही नाही. विचारलं तर म्हणाली, तेव्हा पंधरा दिवस काविळीने घरी होते, परत आले तेव्हा धडा संपला होता, विचारायची लाज वाटली.

माझ्या हजेरीपटात ते पंधरा दिवस आहेत. मी ते वर्तुळाशी जोडून कधी बघितलंच नाही.

वडिलांनी विचारलं, क्लास लावू का? म्हटलं नको, रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबू दे, वर्तुळ मी करून घेते. ते म्हणाले रसवंतीवर तिची मदत संध्याकाळी सहानंतर लागते, तोवर चालेल. मुलगी काही बोलली नाही, पण निघताना तिने भूमितीची उत्तरपत्रिका मागून घेतली.

उरलेल्या एकोणचाळीस जणांचे गठ्ठे घरी आणलेत. प्रश्नवार भरायला बसते आता. आकडेमोड, तक्ता झाला की नावं काढून तुम्हाला पाठवते, सूत्र एकदा बघून द्या.

आकडेमोड | सोमवार, रात्र

पाठवा. गैरहजर असेल तिथे रकाना रिकामा सोडा.